हॉटेल द्वारकेला आणि बघायची दिल्ली: मेट्रोनं जमेल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मिस्टरांची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. फेब्रुवारीत दिल्लीला यशोभूमी या मोठ्या संमेलन केंद्रात प्रदर्शन आहे, त्यासाठी त्यांचं जाणं ठरलंय. त्या निमित्तानं तुम्ही, सासूबाई, बारा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा मुलगा असे सगळेच निघालाय. मिरजेतून गोवा एक्सप्रेसनं शनिवारी सकाळी पोचणार आणि बुधवारी परत फिरणार. हॉटेल द्वारका या दिल्लीच्या कडेच्या उपनगरात, सेक्टर २१ च्या मेट्रो स्टेशनाजवळ घेतलंय. रविवार ते मंगळवार मिस्टर प्रदर्शनात असतील आणि तुम्ही चौघं दिल्ली बघणार. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. आता राजारामपुरीतल्या कुणीतरी तुम्हाला घाबरवून ठेवलंय, की द्वारकेला राहून दिल्ली बघणं म्हणजे हातकणंगल्याला मुक्काम करून महाद्वार रोड बघायला येण्यासारखं आहे. तेव्हा एकतर शहराच्या मध्यावर करोल बागेत हॉटेल घ्या, नाहीतर तीन दिवस गाडी ठरवा. तुम्ही विचारताय की मेट्रोनं जमणार नाही का.

जमतंय की. कोल्हापुरातून बायकांच्या सहली घेऊन दिल्लीला जाणं हा माझा धंदाच आहे आणि त्यात साठीच्या पुढच्या बायका निम्म्याहून जास्त असतात. त्या अनुभवावरून सांगते, हॉटेल बदलू नका. गाडीही ठरवू नका. बदलायची आहे ती तुमची यादी.

अंतराचं म्हणाल तर सांगणाऱ्यानं खोटं सांगितलेलं नाही. सेक्टर २१ पासून नवी दिल्ली स्टेशन बावीस-तेवीस किलोमीटर आहे. पण दिल्लीत नुसत्या किलोमीटरवरून काही कळत नाही. संध्याकाळी गाडीनं धौला कुआंच्या आसपास अडकलात की पोरं रडकुंडीला येतात आणि तेच अंतर मेट्रोची एक गाडी वीस-पंचवीस मिनिटांत कापते. बघायचं असतं ते वेगळंच. गाडी किती वेळा बदलायची, शेवटच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर पुढं पायी किती जायचं, आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी ते ठिकाण उघडं आहे का. तुमचं गाडं तिथंच अडलंय. सोमवारी तुम्ही लाल किल्ला आणि अक्षरधाम धरलंय, आणि सोमवारी दोन्ही बंद असतात! कमळ मंदिर, राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, सगळ्यांची सुट्टी सोमवारीच. सोमवारी उघडं असतं ते कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा आणि इंडिया गेट. म्हणून सोमवार कुतुबला द्या, रविवारी लाल किल्ला करा आणि मंगळवारी अक्षरधाम.

आता तुमच्या हॉटेलचं नशीब बघा. सेक्टर २१ ला दोन मार्ग मिळतात. एक ब्लू लाइन. ती इथून सुरू होते आणि उत्तम नगर, जनकपुरी, राजौरी गार्डन, करोल बाग, राजीव चौक असं करत यमुनेपलीकडं जाते. दुसरा मार्ग एअरपोर्ट एक्सप्रेस. नवी दिल्ली, शिवाजी स्टेडियम, धौला कुआं, एअरोसिटी, विमानतळाचं टर्मिनल ३, मग तुमचं सेक्टर २१, आणि त्याच्या पुढचं शेवटचं स्टेशन यशोभूमी. २०२३ च्या सप्टेंबरात हा शेवटचा तुकडा सुरू झाला. म्हणजे मिस्टर सकाळी एका दिशेला एकच स्टेशन जाणार आणि तुम्ही उलट्या दिशेला. करोल बागेत राहिला असता तर त्यांची रोजची यातायात वाढली असती आणि तुमचा फायदा अर्ध्या-पाऊण तासाचा. शिवाय तिथल्या गल्लीबोळातून सासूबाईंना स्टेशनापर्यंत नेणं हे वेगळं काम.

दोन्ही मार्गांचा स्वभाव निराळा आहे, तो ओळखून वापरा. ब्लू लाइन दर दोन मिनिटांनी थांबते, राजीव चौकापर्यंत पन्नास-पंचावन्न मिनिटं घेते, गर्दीचीही आहे. पण तुम्ही तिच्या अगदी टोकाला राहताय. टोकाच्या स्टेशनावर गाडी रिकामी येते, चौघांना बसायला मिळतं. सासूबाईंच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे, कारण मधल्या स्टेशनावरून चढणाऱ्याला हे सुख नाही. एअरपोर्ट एक्सप्रेस वेगवान, स्टेशनं मोजकी, सामान ठेवायला जागा, गर्दी जवळपास नाहीच. भाडं तिचं वेगळं आणि जास्त, आणि गाड्या दहा-पंधरा मिनिटांनी. माझा शिरस्ता असा की सकाळी ताजेतवाने असताना बसून ब्लू लाइननं जायचं आणि संध्याकाळी पाय बोलायला लागले की एअरपोर्ट एक्सप्रेसनं परत यायचं.

रविवारचं बघू. लाल किल्ल्याला जायचं म्हटलं की सगळे सांगतात, राजीव चौकाला उतरा, यलो लाइन पकडा आणि चांदनी चौकाला बाहेर पडा. नकाशावर ते बरोबरच आहे. पण राजीव चौक म्हणजे दोन मोठ्या मार्गांचा संगम. तिथं माणसांचा लोंढा दोन्हीकडून अंगावर येतो, त्यात लहान मुलगा आणि सावकाश चालणारी आजी घेऊन घुसायचं कशाला? गाडीत बसूनच राहा. राजीव चौक जाऊ द्या, बाराखंबा रोड जाऊ द्या, त्याच्या पुढच्या मंडी हाउसला उतरा. तिथं व्हायोलेट लाइन मिळते. गाडीच्या पाटीवर शेवटचं स्टेशन कश्मीरी गेट असलेली गाडी घ्यायची. आयटीओ, दिल्ली गेट, जामा मशीद, आणि चौथं लाल किला. स्टेशनाचं नावच लाल किला, चुकायला वावच नाही. बाहेर आलात की किल्ल्याची तांबडी भिंत समोर दिसते. दरवाजापर्यंत थोडं चालावं लागतं, तेवढं सासूबाईंना सांगून ठेवा.

किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये लेकीला वर छताकडं बघायला सांगा. तिथं पूर्वी चांदीचं छत होतं. १७६० मध्ये पानिपतच्या आधी सदाशिवरावभाऊंनी ते उतरवून वितळवलं, कारण फौजेचा खर्च भागत नव्हता. आमच्या सहलीत ही गोष्ट सांगितली की बायका तिथून हलतच नाहीत, एवढं नक्षीकाम सोडून सगळ्या छताकडंच बघत उभ्या. किल्ल्यातून निघाल्यावर समोर चांदनी चौक आहेच. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. खरेदीच्या दृष्टीनं वाईट, पण आजीला सायकलरिक्षात बसवून एक फेरी मारायला उलट बरं. शीशगंज गुरुद्वारा वाटेतच आहे. पराठेवाल्या गल्लीत जाऊन यायला हरकत नाही, पण तळलेले पराठे आहेत, आपल्या तव्यावरच्यासारखे नव्हेत. आजीसाठी वेगळं काहीतरी बघा.

दुपारनंतर इंडिया गेट. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, इंडिया गेटला मेट्रो स्टेशन नाही. लोक केंद्रीय सचिवालय स्टेशनावर उतरतात आणि समोर कर्तव्य पथ दिसला की चालायला लागतात. रस्ता सरळ, कमान समोर दिसते, म्हणून वाटतं आलंच की. ते दोन किलोमीटरच्या वर आहे. कमान ४२ मीटर उंच असल्यानं जवळ भासते एवढंच. तुम्ही असं करा, लाल किला स्टेशनावरून त्याच व्हायोलेट लाइननं परत फिरा, मंडी हाउस आणि जनपथ सोडून केंद्रीय सचिवालयाला उतरा. पोरांना एका बाजूला राष्ट्रपती भवनाचा चढ लांबून दाखवा आणि मग रिक्षा करून इंडिया गेटला जा. मागं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २०१९ मध्ये झालेलं, तिकीट नाही. काळ्या-तांबड्या ग्रॅनाइटवर कोरलेली जवानांची नावं वाचत लोक गोल फिरत असतात. आपल्या भागात घरटी नाही तरी गावटी माणूस फौजेत आहे, त्यामुळं आमच्या बायका तिथं नावाच्या पाट्यांवर बोट फिरवत मराठी आडनावं शोधतात. ती सापडतातही. तिथं घाई करू नका.

परतताना माझी आवडती युक्ती. इंडिया गेटहून रिक्षावाल्याला राजीव चौक नका सांगू, शिवाजी स्टेडियम मेट्रो स्टेशन सांगा. कॅनॉट प्लेसच्या कडेला आहे, लांब नाही. तिथून एअरपोर्ट एक्सप्रेस मिळते, धौला कुआं, एअरोसिटी, टर्मिनल ३ आणि चौथं तुमचं स्टेशन. मिस्टरांनाही प्रदर्शन संपल्यावर यशोभूमीतून याच गाडीनं इकडं बोलवून घ्या, पंचवीस मिनिटांत येतील आणि दिवे लागल्यावरचं इंडिया गेट सगळ्यांनी मिळून बघाल. स्टेशनाच्या नावाच्या पाटीखाली फोटो काढल्याशिवाय कोल्हापूरची एकही बाई तिथून गाडीत चढलेली मी बघितलेली नाही.

सोमवार कुतुबमिनारचा. या दिवशी दोनदा गाडी बदलायची आहे, एका ठिकाणी खोलवर उतरायचं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी खोलातून वर यायचं आहे, म्हणून थोडं नीट वाचा. ब्लू लाइननं जनकपुरी पश्चिमला जा. ब्लू लाइन तिथं रस्त्याच्या वर आहे आणि मजेंटा लाइन जमिनीखाली, त्यामुळं बरंच खाली जावं लागतं. सरकता जिना उंच आहे, आजींनी लिफ्टच घ्यावी. मजेंटाची बॉटॅनिकल गार्डनच्या दिशेची गाडी पकडून हौज खासला उतरा. मजेंटाचं हे स्टेशन सुमारे २९ मीटर खोल आहे. इथं वर येऊन यलो लाइन घ्यायची, गाडीवर मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्राम लिहिलेलं असतं. तिसरं स्टेशन कुतुबमिनार.

नावाला कुतुबमिनार, पण मिनार तिथून दीडेक किलोमीटर लांब आहे. बाहेर ई-रिक्षा आणि रिक्षा असतात. त्यातला एखादा हमखास सांगतो, "आज बंद है", किंवा "अभी बहुत भीड है, पहले एम्पोरियम दिखा देता हूँ". सोमवार असल्यानं तुम्हाला पटकन खरं वाटेल. कुतुबमिनार सोमवारी उघडा असतो, सूर्योदयापासून. मान हलवायची आणि पुढच्या रिक्षात बसायचं. आत गेल्यावर पोरगं विचारणार, वर कधी चढायचं? वर जाता येत नाही. १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी होऊन शाळेची मुलं गेली, तेव्हापासून जिना बंदच आहे. ७२ मीटरचा मिनार खालूनच बघायचा, शेजारचा लोहस्तंभ बघायचा. मैदान सपाट आहे, बसायला बाकं आहेत, आजींना आवडेल.

तिथून दुपारी यलो लाइननंच परत फिरा आणि हौज खास सोडून पुढं दिल्ली हाट आयएनएला उतरा. निरनिराळ्या राज्यांचे खाण्याचे गाळे, सावली, स्वच्छतागृहं आणि पोरांना पळायला मोकळी जागा. प्रवेशाचं तिकीट आहे, किरकोळ. हस्तकलेच्या वस्तू महाग वाटल्या तर घासाघीस करा, चालते. चार वाजायच्या आत तिथून निघा. पाचनंतर यलो लाइनला शिरायला जागा नसते.

तिथून हॉटेलला यायला दोन वाटा आहेत. आल्या वाटेनं हौज खास, जनकपुरी असं परत यायचं, किंवा पिंक लाइन धरून दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पसला उतरायचं आणि धौला कुआंला एअरपोर्ट एक्सप्रेस घ्यायची. दुसरी वाट वेळानं बरी, पण या दोन स्टेशनांच्या मध्ये जवळजवळ सव्वा किलोमीटरचा पादचारी पूल आहे. सरकते पट्टे आहेत त्यावर. मुलं खूश होतात. गुडघेवाल्या माणसाला मात्र मी त्या पुलावर नेत नाही. पट्ट्यावर चढ-उतार पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि प्रत्येक वेळी पाऊल अडखळतं. सासूबाई बरोबर असतील तर जुनी वाट.

मंगळवारी अक्षरधाम, आणि हा मेट्रोच्या दृष्टीनं सगळ्यात सोपा दिवस. गाडी बदलायचीच नाही. ब्लू लाइनच्या एका टोकाला बसायचं आणि सव्वा तासानं उतरायचं. अडचण एकच आहे, यमुना बँकला ही लाइन फुटते. एक फाटा नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो, दुसरा वैशालीला. अक्षरधाम नोएडाच्या फाट्यावर आहे. तेव्हा चढताना पाटीवर नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटी वाचूनच चढा. वैशालीची गाडी आली आणि बसायला जागा दिसली म्हणून चढलात, तरी आकाश कोसळत नाही. यमुना बँकला उतरा आणि मागून येणारी नोएडाची गाडी घ्या. यमुना बँकच्या पुढचंच स्टेशन अक्षरधाम, तिथून देवळाचं फाटक चालत जाण्याजोगं.

अक्षरधामला मोबाइल, कॅमेरा, बॅग काहीच आत नेऊ देत नाहीत. बाहेर जमा करायचं, पावती घ्यायची. रांग लांब असते. म्हणून शक्यतो एक पर्स आणि एक फोन एवढंच घेऊन निघा, बाकीचं हॉटेलवर. एकदा फोन जमा झाला की आत चुकामूक झाल्यावर शोधायचं कसं, हा प्रश्न उरतो. आत शिरतानाच एक जागा ठरवा आणि लेकीला ती बोट दाखवून सांगा. सकाळी अकराच्या पुढं हॉटेलवरून निघा, गर्दी ओसरलेली असते. दुपार आणि संध्याकाळ तिथं काढा, अंधार पडल्यावर पाण्याचा आणि प्रकाशाचा कार्यक्रम बघा. त्याचं तिकीट वेगळं. आठनंतर परतीची गाडी धरा.

कमळ मंदिर तुमच्या यादीत आहे. ते मजेंटा लाइनवरच्या कालकाजी मंदिर स्टेशनाजवळ आहे, म्हणजे खरं तर कुतुबच्या दिवशी जमलं असतं, पण सोमवार आडवा आला. मंगळवारी सकाळी ते करून, मजेंटानंच बॉटॅनिकल गार्डनला जाऊन, तिथून ब्लू लाइननं अक्षरधाम असा फेरा बसतो. आमच्या चाळिशीतल्या बायकांचा गट मी तसा नेते. तुमच्याबरोबर आजी आणि सहा वर्षांचं पोर आहे. एकच करा, आणि ते अक्षरधाम. हुमायूनचा मकबरा मात्र राहून गेला याची मला रुखरुख वाटते, तो लाल किल्ल्यापेक्षा देखणा आहे. सोमवारी दिल्ली हाटाऐवजी तिकडं जायचं मनात आलं तर खुशाल जा, पण स्टेशनापासून पुढं रिक्षा लागेल आणि आजींना चौथऱ्याच्या उंच पायऱ्या चढाव्या लागतील.

पैशाचं. २०२५ च्या ऑगस्टात भाडं वाढलं. आता सोमवार ते शनिवार २१ ते ३२ किलोमीटरला ५४ रुपये, १२ ते २१ किलोमीटरला ४३ रुपये, आणि ३२ च्या पुढं कितीही लांब गेलात तरी ६४. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला यातले दर एक टप्पा खाली येतात, ५४ चे ४३ होतात. हे साध्या मार्गांचं. एअरपोर्ट एक्सप्रेसचं वेगळं. चौघांचे जाऊन-येऊन साधारण चारशे-साडेचारशे रुपये होतात, तेवढ्यात लाल किल्ल्यापर्यंतची एकेरी टॅक्सीसुद्धा होत नाही. तीन फुटांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. तुमचा सहा वर्षांचा त्याच्या वर गेला असणार, त्याचं पूर्ण तिकीट.

स्मार्ट कार्ड घ्या, माणशी एक. एका कार्डावर चौघं आत जात नाहीत, हे काउंटरवर पोचल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. कार्डावर १० टक्के सूट आहे, आणि सकाळी आठच्या आधी, दुपारी बारा ते पाच किंवा रात्री नऊनंतर शिरलात तर आणखी १० टक्के. एक दिवसाचं आणि तीन दिवसांचं पर्यटक कार्डही असतं. दिवसातून पाच-सहा वेळा चढउतार करणाऱ्याला ते परवडतं, तुमच्यासारख्याला नाही.

आत शिरताना विमानतळासारखी तपासणी होते. बायकांची रांग वेगळी आणि बहुतेक वेळा छोटी असते, तेव्हा तुम्ही आणि लेक पुढं जाऊन पोराची वाट बघत उभ्या राहाल असं होऊ देऊ नका, त्याला बरोबरच घ्या. बॅगा यंत्रातून जातात. आमच्या सहलीत इचलकरंजीच्या एका आजींची पानाची चंची त्या यंत्रातून गेली आणि पडद्यावर अडकित्ता दिसला. तपासणीवरची जवान बिचारी हरियाणाची मुलगी, तिला हा काय प्रकार तेच कळेना. आजी तिला सुपारी कातरून दाखवायला लागल्या! मागं रांग वाढत गेली. अडकित्ता, सुरी, कात्री हॉटेलवरच ठेवायची. सासूबाई पान खात असतील तर सुपारी कातरूनच घ्या, आणि तसंही स्टेशनात थुंकलं की दंड आहे.

गाडीत खाता येत नाही. भडंगाची पुडी, दशम्या, चटणी सगळं न्या, पण उघडायचं ते स्टेशनाबाहेर. जमिनीवर ऐसपैस बसायचीही सोय नाही, त्यालाही दंड. आपल्याकडं रेल्वेत सवय असते म्हणून सांगितलं.

गाडी ज्या दिशेला जाते तिकडचा पहिला डबा बायकांचा. फलाटावर गुलाबी खुणा असतात. गर्दीच्या वेळी आजी आणि लेकीला घेऊन तिथंच चढा. इतर डब्यांतही म्हाताऱ्या माणसांसाठी राखीव जागा आहेत, कॉलेजची पोरं बसलेली असली तरी सासूबाईंकडं बोट दाखवलं की उठतात. दिल्लीकर बोलायला तिरकस, पण म्हाताऱ्या माणसाला जागा देतो.

सरकत्या जिन्याचं आणि साडीचं जमत नाही. सासूबाई नऊवारी नेसत असोत की पाचवारी, पायरी वर यायला लागली की त्या दोन्ही हातांनी निऱ्या उचलतात, मग कठडा धरायला हात उरत नाही, आणि पाय टाकायचा क्षण निघून जातो. मागचा माणूस ढकलतो. हे इतक्यांदा बघितलंय की मी आता सरळ लिफ्ट गाठते. प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे, कधी कधी फलाटाच्या पार टोकाला असते. चाकखुर्चीचं चिन्ह शोधायचं. मोठ्या स्टेशनांवर मार्ग बदलताना फरशीवर त्या त्या लाइनच्या रंगाची पावलं रंगवलेली असतात, ती मुलीला शोधायला लावा. पाट्या हिंदीतही असल्यानं आजीसुद्धा वाचू शकतात. आमच्याकडच्या कित्येक बायका पहिल्या दिवशी माझ्या मागं चालतात आणि तिसऱ्या दिवशी मलाच सांगतात, अहो इकडून.

पोरांना एक नियम निघायच्या आधीच पाठ करून घ्या. दार लागून कुणी फलाटावर राहिलं, तर राहिलेल्यानं तिथंच उभं राहायचं. गाडीत गेलेल्यानं पुढच्या स्टेशनाला उतरून मागं यायचं. दोन्ही बाजूंनी शोधायला निघालं की कुणीच कुणाला सापडत नाही. धाकट्याच्या खिशात हॉटेलचं नाव, स्टेशनाचं नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

शनिवारी पोचाल त्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. गोवा एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला सोडते. सराय काले खां बाजूला पिंक लाइनचं स्टेशन आहे आणि तिथून दोन-तीन वाटांनी द्वारका गाठता येते. तरी त्या दिवशी मेट्रोच्या नादाला लागू नका. दोन रात्री गाडीत काढलेल्या, सामान पाच माणसांचं, आणि माणशी एकच बॅग न्यायचा नियम. सकाळी लवकर रस्ते मोकळे असतात, सरळ टॅक्सी करून हॉटेलवर जा, अंघोळी करा, झोपा. संध्याकाळी फक्त स्टेशनापर्यंत चालत जाऊन कार्ड काढून ठेवा, म्हणजे रविवारी सकाळी रांगेत वेळ जाणार नाही.

आणि आज एक फोन हॉटेलला करा. द्वारका नावाचीच ढीगभर स्टेशनं आहेत: द्वारका, द्वारका मोड, मग सेक्टर ८ पासून १४ पर्यंत एकेक, शिवाय २१. हॉटेलवाले "मेट्रोजवळ" म्हणतात तेव्हा कुठलं स्टेशन ते सांगत नाहीत. नेमकं स्टेशन विचारा, आजीच्या चालीनं किती मिनिटं लागतील ते विचारा, आणि रात्री साडेनऊला त्या स्टेशनाबाहेर ई-रिक्षा मिळते का तेही. उत्तर सेक्टर २१ सोडून दुसरं काही आलं तर इथं कळवा, ब्लू लाइनचं सगळं तसंच राहील, फक्त एअरपोर्ट एक्सप्रेसनं परतायचा भाग मी तुम्हाला बदलून देते.